फिरंगी पात्यांवरील कारागिरांच्या नाममुद्रा : वाचन आणि प्रामाण्य

(१)

मराठ्यांच्या इतिहासाची साधने म्हटली म्हणजे कागदपत्रे, बखरी, ताम्रपट, शिलालेख व नाणी ह्यांकडेच अभ्यासकाची दृष्टी प्रथम वळते. जुन्या तलवारींच्या पात्यांवरही लेख असतात आणि त्यांचेही वाचन करावे लागते, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. शस्त्रांचा विचार झालाच तर तो ती कोणा थोर पुरुषाच्या हाती होती एवढ्यापुरता होतो, आणि त्या प्रश्नाचे उत्तर बहुधा परंपरेवरून दिले जाते. पात्यावर जे कोरलेले अथवा ठोकलेले असते, ते एक तर वाचलेच जात नाही, किंवा वाचले गेले तर त्यावर तत्काळ विश्वास ठेवला जातो. हे दोन्ही दोष सारखेच घातक आहेत. लेख वाचणे ही एक क्रिया आणि त्या लेखाचे प्रामाण्य ठरविणे ही दुसरी. शस्त्रांच्या बाबतीत ह्या दोहोंमधील अंतर कागदपत्रांपेक्षाही अधिक असते, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विवेचनासाठी मराठी प्रदेशात विपुल आढळणारी, परंतु ज्यांच्यावरील अक्षरे आपल्याला परकी, अशी फिरंगी पाती घेतली आहेत.

(२)

‘फिरंग’ हा शब्द मराठीत तलवारीच्या एका जातीचा वाचक आहे. युरोपातून आलेले, लांब, सरळ, बहुधा एकधारी आणि पन्हळी असलेले पाते व त्याला बसविलेली देशी मूठ अशी ह्या शस्त्राची सामान्य रचना असते. पट्ट्यालाही अशी परदेशी पाती बसवीत. ती मुठीवाचून, नुसत्या पात्यांच्या स्वरूपात येत. पोर्तुगीजांच्या व्यापारामुळे ती सोळाव्या शतकापासून पश्चिम किनाऱ्यावर उतरू लागली. पुढे इंग्रज व डच कंपन्यांच्या जहाजांतूनही ती आली. त्यांतील पुष्कळशी जर्मनीतील सोलिंगेन ह्या एकाच गावाची असत, आणि काही इटलीची व स्पेनची.

दख्खनचे पोलाद जगात नावाजलेले असता परक्या पात्यांची चाह का असावी, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. तेलंगणातील कोनसमुद्रम् सारख्या ठिकाणी मुशीत केलेले पोलाद इराणी व्यापारी नेत असत आणि त्याची पाती तिकडे घडत. परंतु ह्या पोलादाचे पाते धारेला अतितीक्ष्ण असले तरी वाकविले असता मोडण्याचा संभव असे. युरोपीय पाते लवचिक असे. लांब व सरळ पात्याला तो गुण विशेष हवा असतो. म्हणजे दख्खनचे पोलाद पश्चिमेकडे जात होते आणि पश्चिमेची पाती दख्खनेत येत होती. ह्या दुहेरी प्रवाहाचा नाममुद्रांच्या वाचनाशी निकट संबंध आहे, तो पुढे स्पष्ट होईल.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. एखादा शब्द मालाच्या उगमावरून रूढ झाला म्हणजे काही काळाने तो त्या घाटाचाही वाचक होतो. म्हणून कोणत्याही दप्तरात ‘फिरंग’ असा उल्लेख आला एवढ्यावरून ते पाते युरोपात घडले असे अनुमान करता येत नाही. तो निर्णय पाते पाहूनच करावा लागतो.

(३)

पात्यावरील खुणांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात : अक्षरे, चित्रे आणि अंक.

अक्षरे बहुधा मुठीजवळच्या पन्हळीत, मोठ्या रोमन लिपीत, सुट्या ठशांनी ठोकलेली अथवा छिन्नीने कोरलेली असतात. दोन अक्षरांमध्ये किंवा शब्दांच्या दोन्ही बाजूंस ठिपके, क्रूस अथवा फुल्या असतात आणि त्याही अक्षरे समजून वाचल्या जाण्याचा धोका असतो. पुष्कळदा नावाचा पूर्वार्ध एका बाजूस व उत्तरार्ध दुसऱ्या बाजूस असतो. त्यामुळे एकाच बाजूचा ठसा घेणाऱ्याच्या हाती अर्धे नाव लागते. लॅटिन वळणानुसार ‘यू’ च्या जागी ‘व्ही’ आणि ‘जे’ च्या जागी ‘आय’ येतो, हे माहीत नसल्यास साधे नावही अनाकलनीय होते. ‘मे फेकित’ हे शब्द वारंवार येतात. त्यांचा अर्थ ‘ह्याने मला घडविले’ असा आहे. येथे बोलणारे पातेच असते. ‘मे फेकित सोलिंगेन’ असे आढळले तर तेथे कर्त्याच्या स्थानी गावाचे नाव घातले आहे असे समजावे.

चित्रांमध्ये सर्वांत प्रसिद्ध धावत्या लांडग्याचे होय. ही मूळची डॅन्यूब नदीवरील पासाउ नगराची खूण. त्या नगराच्या चिन्हातच लांडगा आहे. पुढे सोलिंगेनच्या कारागिरांनी ती उचलली आणि आपल्या पात्यांवर सर्रास वापरली. छिन्नीच्या पाच-सहा घाईच्या रेघांनी लांडगा काढून त्या रेघांत पितळ भरीत. पितळ गळून गेल्यावर उरतात त्या केवळ ओरखड्यांसारख्या रेघा. हा प्राणी ओळखणे किती कठीण आहे ह्याची साक्ष इतर देशांतूनही मिळते. इंग्लंडात ह्याच खुणेला कोल्हा मानून तसल्या तलवारीलाच ‘फॉक्स’ म्हणत, तर कॉकेशसच्या डोंगराळ प्रदेशात तिच्यात माकड दिसले. दुसरी खूण दात असलेल्या दोन कोयत्यांसारख्या कमानींची. ती जेनोआ नगराशी जोडली जाते आणि कित्येकदा तिच्याबरोबर त्या नगराचे नावही असते. ही खूण जर्मन, कॉकेशी आणि हिंदुस्थानी अशा सर्व कारागिरांनी उतरून घेतली.

अंकांच्या बाबतीत सर्वांत मोठा भ्रम होतो. लांडग्याच्या पात्यांवर कधीकधी १४१४ असा आकडा असतो. तो वर्षाचा समजून ते पाते पंधराव्या शतकाच्या आरंभाचे ठरविण्याचा मोह अनेकांस पडला. वस्तुतः असे आकडे त्याहून पुष्कळ उत्तरकालीन पात्यांवर आढळतात. ते कालनिदर्शक नसून शुभसूचक अथवा मालाची प्रतिष्ठा वाढविणारे आहेत. आपल्याकडील अंकांबाबतही हाच विवेक ठेवावा लागतो. एखाद्या मराठा शस्त्रावर ११५० असा आकडा आहे असे समजा. तो हिजरी सन मानल्यास काळ इ. स. १७३७-३८ येतो, फसली मानल्यास १७४०-४१ आणि शुहूर मानल्यास १७४९-५०. बारा वर्षांचा हा फरक नादिरशहाच्या स्वारीच्या अलीकडे किंवा पलीकडे, शाहू छत्रपतींच्या मृत्यूच्या आधी किंवा नंतर, असा निर्णय फिरवू शकतो.

(४)

अक्षरे लागली, नाव जुळले; तरी प्रश्न सुटत नाही. फिरंगी पात्यांवर ‘आंद्रेआ फेरारा’ हे नाव फार आढळते. ह्या नावाचा कारागीर खरोखर होता. उत्तर इटलीतील बेल्लुनो येथे सोळाव्या शतकात तो व त्याचा बंधू पाती घडवीत. परंतु त्याचे नाव असलेली पाती स्कॉटलंडपासून दख्खनपर्यंत एवढ्या संख्येने आणि एवढ्या दीर्घ काळातील मिळतात की ती एका माणसाच्या हातची असणे शक्य नाही. सोलिंगेनच्या कारागिरांनी हे नाव उत्तमपणाची खूण म्हणून पिढ्यान्‌पिढ्या वापरले. तोलेदोच्या सहागुन, आयाला इत्यादी स्पॅनिश कारागिरांच्या नावांचीही हीच गत झाली. तोलेदोच्या नावामागे स्पॅनिश ‘एन’ ऐवजी ‘इन’ आले असता जर्मन हाताचा संशय घ्यावा. मात्र तो संशयच समजावा, निर्णय नव्हे.

पूर्वेकडेही चित्र निराळे नाही. इराणी पात्यांवर ‘अमल-इ असदुल्ला इस्फहानी’, म्हणजे ‘इस्फहानच्या असदुल्लाचे काम’, अशी सोन्याची मुद्रा असते आणि तिच्यासोबत शहा अब्बासचे नाव असते. पहिल्या शहा अब्बासची कारकीर्द १५८८ ते १६२९ पर्यंतची. परंतु असदुल्लाच्या मुद्रेसह जी वर्षे आढळतात, त्यांचा पसारा एका शतकाहून कितीतरी अधिक आहे. शिवाय, वर सांगितल्याप्रमाणे, दख्खनचे पोलाद इराणात जात होते. म्हणून एखाद्या अस्सल इस्फहानी पात्याचे पोलाद तेलंगणाचे असणे आणि एखाद्या हिंदुस्थानी पात्यावर इस्फहानची मुद्रा असणे, ह्या दोन्ही गोष्टी संभाव्य आहेत. नाव, गाव व धातू ह्या तिघांची साक्ष स्वतंत्रपणे घेतली पाहिजे ती ह्यासाठी.

ह्या विषयाचा सर्वांत काटेकोर अभ्यास जपानात झाला आहे, आणि तो आपल्याला मार्गदर्शक ठरावा. जपानी कारागीर आपले नाव पात्याच्या दर्शनी भागावर न घालता मुठीत बसणाऱ्या टोकावर कोरतो. मूठ बांबूच्या एका खुंटीने अडकविलेली असते. ती खुंटी काढली की मूठ सुटते आणि नाव दिसते. नावाच्या मागील बाजूस कित्येकदा वर्षही असते. असे असूनही तेथील परीक्षक नावापासून आरंभ करीत नाहीत. ते प्रथम पात्याचा घाट, पोलादाचे पदर व धारेलगतची पाणी दिल्याची रेषा पाहतात, त्यांवरून काळ व संप्रदाय ठरवितात आणि शेवटी नाव त्यांच्याशी जुळते की नाही हे तपासतात. न जुळणाऱ्या नावाला त्यांच्या भाषेत ‘गिमेई’, म्हणजे खोटी सही, असा स्वतंत्र शब्द आहे. सतराव्या शतकातील नागासोने कोतेत्सु ह्या कारागिराची सही तर इतक्यांनी नक्कल केली की ती दिसताच प्रथम संशय घ्यावा असा तेथे संकेत आहे. होन्आमी घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या हे परीक्षणाचे कामच केले. सहीवरील गंज ते कधीही घासून काढीत नाहीत, कारण तो गंज हाच तिच्या वयाचा साक्षीदार असतो.

आपल्या शस्त्रांची स्थिती ह्याच्या उलट आहे. देशी मूठ राळ अथवा लाख ओतून पक्की केलेली असल्यामुळे पात्याचे आतील टोक सहसा दिसत नाही आणि सर्व खुणा उघड्या भागावर असतात. मूठ काढण्याचा खटाटोप करू नये. तो जुना जोड हाही पुरावाच आहे.

(५)

मराठी धन्यांनी ही परकी अक्षरे वाचली होती काय? वाचली असतील असे मानण्यास आधार नाही, आणि त्यांना त्याची गरजही नव्हती. त्यांच्या दृष्टीने ती अक्षरे म्हणजे जातिवंत मालाचे लक्षण होते. ते नजरेने ओळखले की पुरे. देशी कारागिरांनी हीच अक्षरे उतरविली तेव्हा ती लिपी म्हणून नव्हे, तर नक्षी म्हणून उतरविली. म्हणून उलटे ‘एन’, आडवे झालेले ‘एस’, अर्थहीन पुनरुक्ती, ही चिन्हे दिसली की वाचकाने त्रासून लेख टाकून देऊ नये. ती चूक म्हणजेच पुरावा होय. मात्र अशा चुका युरोपातील निरक्षर कारागिरांच्या हातूनही होत. तेव्हा केवळ चुकीवरून पाते देशी ठरत नाही. चूक, ठोकण्याची पद्धत आणि पोलाद ही तिन्ही एकत्र पाहावी लागतात.

धन्याला स्वतःचे नाव घालावयाचे असे तेव्हा ते तो आपल्या लिपीत घाली. ह्याचे उत्तम उदाहरण अलीकडेच उपलब्ध झाले आहे. एप्रिल २०२५ मध्ये लंडन येथील लिलावात निघालेली नागपूरकर भोसल्यांची तलवार महाराष्ट्र शासनाने मिळविली व त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती मुंबईस आणली. तिचे पाते युरोपीय असून त्याच्या पाठीवर ‘श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेबसुभा फिरंग’ असा देवनागरी लेख सोन्यात आहे. ह्या पाच शब्दांत कारागिराचा निर्देश नाही. धन्याचे नाव आहे, पद आहे आणि शेवटी वस्तूची जात आहे. पाते कोठून आले ह्याची जाणीव लेख घालणाऱ्यास होती आणि ती त्याला भूषणास्पद वाटत होती, एवढे त्यावरून निश्चित होते.

ही तलवार नागपूरच्या राज्याचे संस्थापक पहिले रघोजी (मृत्यू १७५५) ह्यांची मानली जाते. परंतु लेखात वर्ष नाही. नागपूरच्या गादीवर रघोजी नावाचे तीन पुरुष झाले आणि दुसऱ्या रघोजींनाही सेनासाहेबसुभा हेच पद होते. म्हणून ‘पहिले’ हा निर्णय केवळ अक्षरांवर उभा राहू शकत नाही. मुठीचा घाट, सोन्याच्या कामाची पद्धत आणि अक्षरांचे वळण ह्यांचा आधार त्याला द्यावा लागतो. हे म्हणण्यात त्या शस्त्राचे मोल कमी करण्याचा हेतू नाही. लेख काय सांगतो आणि आपण त्याच्या तोंडी काय घालतो, एवढाच भेद येथे दाखवावयाचा आहे.

साताऱ्याच्या छत्रपती घराण्यात ‘भवानी’ म्हणून पूजल्या जाणाऱ्या तलवारीवर राजा शाहूंचे नाव आणि ‘कदीम अव्वल’ हे शब्द आहेत. ह्या दोन शब्दांचा अर्थ मला जुन्या सिलेखान्याच्या वर्गवारीतून लावणे अधिक सयुक्तिक वाटते. ‘कदीम’ म्हणजे पूर्वापार असलेले, ‘अव्वल’ म्हणजे पहिल्या प्रतीचे. तसे असेल तर हा लेख घडविणाऱ्याचा तर नाहीच, पण धन्याच्या अभिमानाचाही नसून कारखानिसाच्या मोजदादीचा ठरतो. ‘कदीम’ ह्या शब्दावरून शस्त्र शाहूंच्या आधीचे असावे असे म्हणता येते. ते नेमके कोणाचे, हे त्या शब्दावरून म्हणता येत नाही. शिवाय साताऱ्यासही शाहू नावाचे दोन छत्रपती झाले, हे विसरता कामा नये.

असे सिलेखान्याचे लेख इतरत्रही आहेत. बिकानेरच्या शस्त्रागारात महाराजा अनूपसिंगांच्या नावाचे ठिपक्यांनी कोरलेले देवनागरी लेख असलेली शस्त्रे आहेत. १६८९ च्या सुमारास अदोनी मोगलांच्या हाती पडली तेव्हा मिळालेला हा माल होय. त्यात दख्खनी आणि फिरंगी अशी दोन्ही पाती आहेत. अशा लेखामुळे पात्याचा कर्ता कळत नाही, परंतु ते त्या वर्षापूर्वी दख्खनेत होते हे मात्र निःसंशय ठरते. कालनिर्णयाच्या दृष्टीने फेराराच्या शंभर सह्यांपेक्षा असा एक लेख अधिक मोलाचा आहे.

(६)

आता सर्वांत वादग्रस्त उदाहरणाकडे वळू. १८७५-७६ मध्ये ब्रिटिश युवराज हिंदुस्थानात आला असता कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी ह्यांच्याकडून त्याला मिळालेली तलवार आज इंग्लंडच्या राजसंग्रहात आहे. शिवछत्रपतींची म्हणून ती नोंदविलेली आहे. तिच्या परतीची मागणी महाराष्ट्रात अनेकदा झाली, १९८० नंतर तर ती मुख्यमंत्र्यांच्या पातळीवर गेली, आणि ती ‘भवानी’ की ‘जगदंबा’ ह्यावर पुष्कळ लिहिले गेले. तिचे पाते सरळ व युरोपीय असून त्याच्या पन्हळीत ‘आय-एच-एस’ ही अक्षरे तीनदा ठोकलेली आहेत.

ही अक्षरे म्हणजे येशूच्या ग्रीक नावाचा संक्षेप होय. जेझुइट पंथाने ती आपले चिन्ह म्हणून स्वीकारली, त्यामुळे ती दिसताच गोवे, पाद्री व पोर्तुगीज ह्यांची मालिका मनात उभी राहते. परंतु हे अनुमान घाईचे आहे. हा संक्षेप त्या पंथाहून जुना आहे, आणि स्पेनच्या व जर्मनीच्या कारागिरांनी तो पात्यांवर रक्षक मंत्राप्रमाणे वापरला. आपल्याकडे पात्यावर देवीचे नाव घालावे तसेच हे आहे. तेव्हा ह्या अक्षरांवरून कारागीर कळत नाही, गाव कळत नाही आणि ते पाते कोणाच्या हातून कोणाकडे गेले हेही कळत नाही. ते ख्रिस्ती देशात अथवा त्या नमुन्यावर घडले, एवढेच कळते. शिवछत्रपतींशी असलेला त्याचा संबंध कोल्हापूर दरबारच्या दप्तरातील नोंदींवरून आणि अखंड वारशाच्या पुराव्यावरूनच सिद्ध अथवा असिद्ध व्हावयाचा आहे. जो प्रश्न दप्तराने सोडवावयाचा तो पात्यावरील तीन अक्षरांवर टाकणे म्हणजे साक्षीदाराला न पाहिलेल्या गोष्टीविषयी विचारणे होय.

(७)

वरील विवेचनावरून वाचनाचा एक क्रम सुचतो. प्रथम पात्याचा घाट, पन्हळींची संख्या व पोलाद पाहावे. नंतर प्रत्येक खूण ठोकलेली, कोरलेली, पितळ भरलेली की कोफ्तगरीची, हे नोंदवावे. खोल ठोकलेली खूण सामान्यतः पाते कडक करण्यापूर्वीची, म्हणजे घडणीच्या वेळची असते, तर सोन्याची कोफ्तगरी केव्हाही होऊ शकते. तिसऱ्यांदा खुणांचा एकमेकींशी क्रम ठरवावा. मुठीपासून पात्यावर नेलेल्या आधारपट्टीखाली परकी अक्षरे जात असतील, तर अक्षरे आधीची व मूठ नंतरची हे उघड आहे. चौथ्या पायरीवर अक्षरे वाचावीत, दोन्ही बाजूंची, आणि दिसतात तशी, चुका न सुधारता. धन्याचे लेख व दप्तरातील नोंदी सर्वांत शेवटी जुळवाव्यात. तिरप्या उजेडात घेतलेले छायाचित्र व कागदावरील हलका ठसा एवढ्या सामग्रीवर हे काम आरंभता येते.

हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही. खंडेनवमीस शस्त्रे पूजण्याची आपली रीत श्रद्धेची आहे. परंतु त्यापूर्वी विटकरीची भुकटी, चिंच वा राख लावून पाती घासण्याच्या चालीने ह्या खुणा दरवर्षी पुसट होत आहेत. तंजावरच्या मराठी राजवाड्यातील शस्त्रागाराची एकोणिसाव्या शतकात वाताहत झाली आणि त्यातील पुष्कळ शस्त्रे मोडीत निघाली. त्यांवरील अक्षरे आता कोणीही वाचू शकणार नाही. पुण्यात १९१० पासून भारत इतिहास संशोधक मंडळाने मोडी व फार्सी वाचणाऱ्यांची परंपरा निर्माण केली आहे आणि राजा दिनकर केळकर संग्रहालयासारखा शस्त्रांचा संग्रह येथेच आहे. मोडी जाणणाऱ्या विद्यार्थ्याने थोडे लॅटिन व रोमन अक्षरांची जुनी वळणे शिकून घेतली, तर संग्रहालयांतील आणि जुन्या घराण्यांतील पात्यांची एक सचित्र सूची करणे ही काही अशक्य गोष्ट नव्हे.

अशी सूची झाल्यावर कोणत्याही तलवारीचा कर्ता एकदम सापडेल असे नाही. परंतु कोणत्या घराण्यात कोणत्या गावची पाती, कोणत्या काळी आणि किती होती, हे प्रथमच सप्रमाण सांगता येईल. आज हा व्यापार आपल्याला बहुतांशी परक्यांच्या वखारींच्या कागदांतून दिसतो. तो तेव्हा खरेदी करणाऱ्यांच्या बाजूने दिसू लागेल.